अक्राच्या विमानतळाजवळचा लॉज

मंडळी, लेक शेजारच्या तालुक्यात दिली तरी आईचा अर्धा जीव तिच्या घरी असतो. आमची धाकटी तर आफ्रिकेत नांदते. घाना देशातल्या कुमासी या शहरात आमचे जावईबापू एका प्लास्टिकच्या कारखान्यात नोकरीला आहेत. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिचा रक्तदाब वर जाऊ लागला आणि डॉक्टरांनी लांबच्या विमानप्रवासाला मनाई केली. तेव्हा आमचे हे म्हणाले, "लेकीला माहेरी येता येत नसेल, तर माहेरानं लेकीकडं जावं. त्यात काय!"

'त्यात काय' म्हणायला सोपे आहे. आम्ही निफाड तालुक्यातली कांदा पिकवणारी माणसे. मी पंढरपूर पाहिलेले आणि एकदा काशी. विमान पाहिले ते रानातून, मान वर करून. तरी जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड उरकली, पाण्याच्या पाळ्या धाकट्या दिरांवर सोपवल्या आणि आम्ही दोघे निघालो.

या प्रवासात वाटेत अक्रा या गावी आम्हाला एका साध्या लॉजवर दोन रात्री काढाव्या लागल्या. अक्रा ही घानाची राजधानी. तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण आम्ही त्यातले काहीच पाहिले नाही. आम्ही पाहिला तो लॉज. आज तुम्हाला त्याचीच हकिकत सांगते. एक तर आता आपल्या गावोगावची मुले पोटासाठी लांब लांब जातात, तेव्हा उद्या ही पाळी तुमच्यावरही येईल. आणि दुसरे कारण शेवटी सांगेन.

आधी तयारीचे सांगते, कारण इथे चुकलात तर सगळेच अडते. घानात जाणाऱ्याला पीतज्वराची लस घ्यावी लागते. ती प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. आम्ही मुंबईला जाऊन घेतली. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तिचा दाखला लागू होतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. साठी उलटलेल्यांनी आधी डॉक्टरांना तब्येत दाखवून घ्यावी. दाखल्याचे ते पिवळे पुस्तक जन्मभर चालते, पण पासपोर्टाइतके जपायचे. परत येताना आपल्या देशातही ते तपासतात आणि नसेल तर तुम्हाला काही दिवस वेगळे ठेवू शकतात. तिकडे हिवतापही फार, म्हणून त्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करायच्या.

बाकी माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, ओवा, झबली-टोपडी आणि जुन्या लुगड्याची चार दुपटी होती. आमच्या ह्यांच्या पिशवीत तुकोबांची गाथा आणि कांद्याच्या भावाची वही. माणूस आफ्रिकेत गेला तरी वही सोडीत नाही!

मुंबईहून विमानाने इथिओपियातल्या आदिस अबाबाला आणि तिथे विमान बदलून अक्राला, असा आमचा मार्ग. शाळेतल्या मुलांचा नकाशा घेऊन बसा. आफ्रिकेच्या पश्चिम अंगाला पोटाखाली जो किनारा आडवा जातो, त्यावर घाना दिसेल. देश आपल्या महाराष्ट्रापेक्षा लहान. 2021 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 3 कोटी 8 लाख भरली. इंग्रज त्याला 'गोल्ड कोस्ट', म्हणजे सोन्याचा किनारा म्हणत. 6 मार्च 1957 रोजी तो स्वतंत्र झाला. घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे जेवणे उरकून निजानीज होते, तेव्हा तिथे नुकती संध्याकाळ होत असते.

मंगळवारी दुपारी आम्ही अक्राला उतरलो. चारच्या विमानाने पुढे कुमासीला जायचे होते. लेकीच्या दिवसांना अजून पंधरा दिवस अवकाश होता, म्हणून मनात घाई नव्हती. पण बाहेर पाहिले तर आभाळ मळकट, सूर्य कथलाच्या ताटलीसारखा फिका. धुके म्हणावे तर ओल नाही, ओठ तडतडत होते. त्या दिवसांत सहारा वाळवंटावरून कोरडा वारा सुटतो आणि बारीक धूळ घेऊन समुद्रापर्यंत येतो. त्याला 'हरमॅटन' म्हणतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्याचे दिवस. आत कुमासीकडे धूळ इतकी दाटली होती की वैमानिकाला धावपट्टी दिसेना. चारचे विमान रद्द झाले. आता उद्या सकाळी पाहू, म्हणाले.

मी जावईबापूंना फोन लावला. ते पलीकडून म्हणाले, "आई, घाबरू नका. तिला आजच दवाखान्यात दाखल केलंय. रक्तदाब वाढलाय, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलंय. मला इथून हलता येत नाही. आमच्या कारखान्याची माणसं जिथे उतरतात त्या लॉजला कळवतो. त्यांची गाडी येईल, दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसू नका."

घाबरू नका म्हटले की माणूस आधी घाबरतो. मी पिशवी छातीशी धरून तिथेच बाकावर बसले. आमचे हे मुकाट्याने माळेचे मणी ओढत राहिले.

अर्ध्या तासाने एक उंचापुरा तरुण आमच्या आडनावाचा पुठ्ठा हातात धरून आला. पुठ्ठ्यावर नाव चुकीचे लिहिले होते, पण आमचेच होते. त्याने छातीवर हात ठेवून म्हटले, "आक्वाबा!" म्हणजे 'या, स्वागत आहे'. पिशव्या उचलल्या आणि दहा मिनिटांत आम्ही लॉजवर पोहोचलो. अक्राचा विमानतळ गावाबाहेर नाही, वस्तीतच आहे.

लॉज म्हणजे दुमजली घर. कुण्या कुटुंबाने राहते घर वाढवून वर-खाली मिळून चौदा खोल्या काढलेल्या. भोवती उंच भिंत, पुढे लोखंडी फाटक, फाटकाशी पहारेकरी, अंगणात आंब्याचे झाड. हो, आंब्याचे! त्याला मोहोर आलेला पाहिला आणि मला पहिल्यांदा बरे वाटले. गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली जनरेटर. खोलीत दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी, मोरीत बादली आणि मग. गालिचा नाही, झुंबर नाही. चादर मात्र धुवट आणि कडक वाळलेली. मी आधी चादरीला हात लावून पाहिला. लॉज कसा आहे ते चादर सांगते.

विमाने डोक्यावरून अशी जात की खिडकीची काच थरथरे. पण त्या आवाजाची मला उलट सोबत वाटली. म्हटले, एक उडते आहे, म्हणजे आपलेही उडेल.

आता उपयोगाच्या चार गोष्टी. परक्या गावी स्वस्तातला लॉज पाहाल तेव्हा रंगीत चित्रांवर जाऊ नका, हे चार प्रश्न विचारा. स्वतःची पाण्याची टाकी आहे का? वीज गेली तर जनरेटर आहे का? मच्छरदाणी आहे का? आणि विमानतळावर ने-आण करायला त्यांची गाडी येते का? चारही उत्तरे 'हो' असतील तर खुशाल उतरा. 'गाडी येत नाही' म्हणाले तर लक्षात ठेवा, तिथल्या टॅक्सीला मीटर नसतो. भाडे बसण्याआधी ठरवायचे, उतरताना नाही. नळाचे पाणी प्यायचे नाही. तिथे अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीत पाणी मिळते. पिशवीचा कोपरा दाताने तोडून लोक पितात. आम्ही पिशवी पुसून, कात्रीने कापून तांब्यात ओतून घेत होतो. आणि भिंतीतल्या विजेच्या भोकांचे एक लक्षात घ्या. ती चौकोनी असतात. आपली गोल काड्यांची पिन त्यात बसेलच असे नाही, म्हणून जोडपिन इथूनच न्यावी.

ही जोडपिन आम्ही नेली नव्हती. रात्री फोनची बॅटरी संपत आली, आणि त्या फोनवर तर आमचा सगळा जीव! मी तशीच खाली गेले. पहारेकऱ्याने माझ्या हातातली पिन पाहिली, हसला, आपल्या चौकीतला जोड काढून आणला आणि उजव्या हाताने माझ्या हातावर ठेवला. डाव्या हाताने देणे-घेणे त्यांच्यातही अपमानाचे समजतात, आपल्यासारखेच.

फोन लावतो न लावतो तोच वीज गेली. पहारेकरी ओरडला, "डुमसोर!" आणि मागे पळाला. जनरेटर सुरू झाल्यावर त्याने शब्दाचा अर्थ सांगितला. 'डुम' म्हणजे विझव, 'सो' म्हणजे पेटव. विझव-पेटव! भारनियमनाला त्यांनी ठेवलेले नाव. 2012 नंतरची काही वर्षे त्याने देशाला फार छळले होते. व्होल्टा नदीवर आकोसोंबो येथे 1965 साली मोठे धरण पुरे झाले. त्याचे पाणी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर पसरले आणि ऐंशी हजारांच्या आसपास माणसे उठवली गेली. तरी विजेची ओढाताण संपली नाही. आमचे हे म्हणाले, "रात्री मोटर चालू करायला उठणारा शेतकरी इथंही असणार बघ." अंधारात आम्ही दोघे हसलो. त्या दिवसातले ते पहिले हसू.

मग जेवणाचा प्रश्न आला. आमचे हे माळकरी. मांस-मासळी तर नाहीच, अंडेसुद्धा नाही. आणि तिथे सुकी मासळी मसाल्यासारखी घालतात, भाजीत, चटणीत, कशातही. पहिल्या रात्री ह्यांनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सकाळी अंड्याची पोळी, पाव आणि डब्यातल्या दुधाचा चहा आला. ह्यांनी पाव चहात बुडवून खाल्ला आणि ताट सरकवले.

स्वयंपाकाच्या बाई माझ्या वयाच्या. सगळे त्यांना 'आंटी' म्हणत. त्या ताटाकडे बघत राहिल्या. बारावीपर्यंतचे इंग्रजी गोळा करून मी सांगितले, "नो मीट, नो फिश, नो एग. गॉड." आणि ह्यांच्या गळ्यातली माळ दाखवली. त्यांनी मान डोलावली. माझ्या दंडाला धरले आणि मला फाटकाबाहेर घेऊन गेल्या.

कोपऱ्यावर एक बाई मोठे पातेले मांडून बसली होती. पुढे माणसांची रांग. कामाला जाणारे, शाळेची पोरे. तिने भोपळ्याच्या पळीने पातेल्यातले दाट, करडे, वाफाळते काहीतरी वाडग्यात वाढून मला दिले. मी नाकाशी नेले, आणि मंडळी, मी तिथेच थबकले. बाजरी! आंबवलेल्या बाजरीचा वास मला कोण शिकवणार? माझी सासू उन्हाळ्यात रोज आंबील करी. मी एक घोट घेतला. आंबट, आल्याचा झणका, लवंगेचा वास. त्याला 'कोको' म्हणतात. चॉकलेटचा कोको नव्हे, ही पेज. बाजरी भिजवायची, आले, लवंग, मिरची घालून दळायची, आंबवायची, गाळायची आणि शिजवायची. सोबत तेलातून काढलेले गरम वडे होते. मोडून पाहिला तर चवळीचा वडा! त्याला 'कोसे' म्हणतात.

दोन वाडगी आणि सहा वडे घेऊन मी खोलीवर आले. ह्यांनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिले. "अगं, ही तर आईची आंबील!" म्हणाले. दुसरे वाडगेही त्यांनीच संपवले.

दुपारी आंटींनी आणखी एक प्रकार केला. भात आणि चवळी एकत्र शिजवलेली, रंग मात्र विटकरी. मी विचारले, रंग कशाचा? त्यांनी फडताळातून वाळक्या तांबड्या पानांची जुडी काढून दाखवली. ती ज्वारीची पाने होती. त्यांच्याबरोबर भात शिजवला की तो रंग येतो. याला 'वाचे' म्हणतात. मासळीची चटणी त्यांनी वेगळ्या वाटीत ठेवली, ताटाला लागू दिली नाही.

संध्याकाळी थोरल्या मुलाचा गावाहून फोन आला. तो शेतकी कॉलेजात शिकलेला. बाजरीचे सांगितले तर म्हणाला, "आई, तुला नवल वाटायला नको. बाजरीचं मूळच तिकडचं. पश्चिम आफ्रिकेत माणसानं ती चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी पहिल्यांदा पेरली, मग ती आपल्याकडे आली. चवळीही तिकडचीच. घानातल्या जुन्या वस्त्यांच्या खोदकामात चवळीचे दाणे सापडलेत."

मी फोन ठेवला आणि किती वेळ तशीच बसले. आपण ज्या बाजरीवर वाढलो, तिचे माहेर हे! आणि मी दोन दिवस म्हणत होते, कुठल्या परक्या मुलखात लेक दिली.

पण मी पुढे धावले. बुधवारचे अजून सांगायचे आहे. सकाळी विमानतळावर गेलो, धूळ तशीच. दहाचे विमान रद्द, दुपारचेही रद्द. लॉजच्या गाडीने नेले, परत आणले, आणि भाडे ठरल्याप्रमाणे एकदाच घेतले. दुपारभर आंब्याखाली बसून राहिलो. काही करण्यासारखे नसले की माणूस चार जणांशी बोलतो.

पहारेकऱ्याच्या बापाची अशांती भागात कोकोची बाग. हा चॉकलेटचा कोको. घानाचे हे मुख्य पीक. 1879 साली टेट्टे क्वार्शी नावाच्या माणसाने फर्नांडो पो बेटावरून त्याचे बी आणून मांपोंग येथे लावले, असे तिथली मुले शाळेत शिकतात. बरीच वर्षे शेजारच्या आयव्हरी कोस्टच्या खालोखाल घानाचे नाव घेतले जात आले. शेतकऱ्याला द्यायचा भाव सरकार हंगामाच्या सुरुवातीला जाहीर करते, 64 किलोच्या पोत्यावर. 2024 साली जगाच्या बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, पण पीक पुष्कळसे आधीच विकून ठेवलेले, म्हणून ती तेजी बागेपर्यंत तेवढी पोहोचली नाही. त्यात झाडे सुजवणारा विषाणू रोग, आणि चोरून सोने खणणाऱ्यांनी गढूळ केलेल्या नद्या. म्हणून पोरगा शहरात पहाऱ्याला. आमच्या ह्यांनी त्याला डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी समजावून सांगितली. कशी सांगितली, कुठल्या भाषेत, देव जाणे. पण दोघेही एकमेकांकडे बघून माना हलवीत होते. मग ह्यांनी आंटींच्या टोपलीतला कांदा हातावर तोलला. जांभळट, चपटा. हा उत्तरेच्या नायजर देशातून ट्रकने येतो, असे कळले. "टिकायला बरा दिसतो," एवढे म्हणून ह्यांनी वहीत टिपून घेतले.

नावांची गंमतही तिथेच कळली. त्यांच्यात मूल ज्या वारी जन्मले त्या वाराचे नाव त्याला मिळते. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान कुमासीतच जन्मलेले, ते शुक्रवारचे. देशाचे पहिले पुढारी क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. आपल्याकडेही पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर सोमा, मंगळ्या, बुधा असतातच की! आमचा पहारेकरी शुक्रवारचा, आंटी रविवारच्या. त्यांनी माझा वार विचारला. तो मला ठाऊक नव्हता. आमच्या वेळी मुलीचा वार कोण लिहून ठेवीत होते?

सहा वाजता अंधार पडला. तिथे बारा महिने सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सात वाजता जावईबापूंचा फोन आला. आवाज ओढलेला. "आई, डॉक्टर थांबायला नको म्हणतात. उद्या सकाळी ऑपरेशन करून बाळ काढणार."

मी काही बोललेच नाही. ह्यांनी फोन घेतला आणि सगळे विचारून घेतले. मग आम्ही दोघे लॉजच्या मालकीणबाईंकडे गेलो. त्या निवृत्त शिक्षिका. टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फौजी वेशातला फोटो होता. ते दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले होते. पश्चिम आफ्रिकेच्या पलटणी तेव्हा बोटीने हिंदुस्थानात येऊन पुढे ब्रह्मदेशाच्या जंगलात गेल्या, आणि आपले मराठे गडीही त्याच लढाईत होते. म्हणून अक्राच्या लष्करी छावणीचे नाव आजही 'बर्मा कॅम्प' आहे.

बाईंनी सगळे ऐकून घेतले. मग शाळेत गणित समजावावे तसे कागदावर लिहून दाखवले. उद्याही धूळ राहील, विमानाचा भरवसा नाही. कुमासी अडीचशे किलोमीटर, बसने पाच-सहा तास. पहाटेची पहिली बस धरली तर दुपारच्या आत पोहोचाल. रात्री मात्र त्या रस्त्याने निघू नका. त्या रस्त्यावर अपघात होतात, आणि तुम्ही पोहोचायला तर हवे. माझा पुतण्या पहाटे चारला तुम्हाला बसपर्यंत सोडील आणि तिकीट काढून जागेवर बसवूनच परतेल.

त्याच रात्री निघावे असे मला वाटत होते. आईचे मन ऐकत नाही. पण बाईंचे म्हणणे खरे होते. आम्ही ऐकले.

त्या रात्री झोप आली नाही. एक गोष्ट केली. पिशवीतून डिंकाचे लाडू काढले, चार आंटींना नेऊन दिले, उजव्या हाताने. "माझ्या लेकीसाठी केलेत," असे खुणेने पोटावर हात ठेवून सांगितले. त्यांना कळले. त्यांनी लाडू पदरात घ्यावेत तसे कमरेच्या वस्त्रात बांधले. मग माझे दोन्ही हात धरून स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. प्रार्थना होती. भाषा कळली नाही, अर्थ कळला.

पहाटे साडेतीनला उठलो तर आंटी आधीच उठलेल्या. बरोबर भाजलेले शेंगदाणे आणि भाजलेली राजेळी केळी कागदात बांधून दिली. हिशेब चुकता केला. सेडी हे तिथले चलन. सेडी म्हणजे कवडी, आणि एके काळी तिथे कवडीच पैसा म्हणून चालत असे. आपण 'कवडीमोल' म्हणतो, तिथे कवडीलाच मोल! पुतण्याने पेट्रोलचे ठरलेले पैसे घेतले, वर एक कवडी मागितली नाही. बसमध्ये बसवून, वाहकाला दोन वेळा बजावून तो उतरला.

बस न्सावम, सुहुम, न्कॉकॉ अशी गावे घेत चालली. खिडकीबाहेर धुळीत झाडे उभी. मी काहीच पाहत नव्हते. कोनोंगो गेले. एजिसू हे गाव आले तेव्हा फोन वाजला. साडेनऊ झाले होते. जावईबापूंना आधी बोलताच येईना. मग म्हणाले, "आई, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

ह्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "विठ्ठल, विठ्ठल." शेजारच्या बाईला न सांगता कळले. तिने सगळ्या बसला ओरडून सांगितले, आणि सगळी बस टाळ्या वाजवू लागली. त्या बाईने विचारले, आज वार कोणता? गुरुवार. मग ती म्हणाली, "या!" मला वाटले मला बोलावते आहे. पण गुरुवारच्या मुलीचे नाव तिथे 'या' असते. आणि ज्या एजिसूतून आम्ही जात होतो, तिथल्याच राजमाता या असांतेवा. 1900 साली इंग्रज सोन्याचे सिंहासन मागायला आले तेव्हा त्यांच्याशी लढाई मांडणारी बाई. आपल्या झाशीच्या राणीसारखी. शेवटी इंग्रजांनी तिला पकडून सेशेल्स बेटावर धाडले आणि 1921 साली ती तिथेच वारली. तीही गुरुवारची.

अकराला आम्ही दवाखान्यात पोहोचलो. नात दुपट्यात गुंडाळलेली होती, पण दुपटे दवाखान्याचे होते. मी ते काढून माझ्या आईच्या लुगड्याचे घातले.

बारशाला आम्ही तिचे मराठी नाव ठेवले. पण त्यांच्यात आठव्या दिवशी बाळाला पहिल्यांदा बाहेर आणून नाव ठेवतात. तेव्हा शेजारणी जमल्या आणि त्यांनी तिला 'या' म्हटले. आम्हीही घरात तेच म्हणतो. 'या' म्हटले की घरात कुणी आल्यासारखे वाटते.

आता ते दुसरे कारण. गावी परतल्यावर लोक विचारतात, आफ्रिकेत काय पाहिले? मी सांगते, एक लॉज पाहिला. स्वच्छ चादर, टाकीत पाणी, अंधारात जनरेटर, आणि ताट परत आल्यावर काळजीत पडणारी बाई. दूरदेशी अडकलेल्या माणसाला आणखी काय लागते? तुमची मुले अशा गावी जात असतील तर जीव थोडा खाली ठेवा. लस टोचा, जोडपिन द्या, चार प्रश्न विचारायला शिकवा. आणि उद्या तुमच्या गावात कुणी परका अडकला, त्याचे ताट तसेच परत आले, तर त्याला काय चालते ते विचारायला विसरू नका.

यंदा आमच्या घरी बाजरीची आंबील करताना मी आले आणि दोन लवंगा घालते. सुना विचारतात, ही कुठली पद्धत? मी सांगते, बाजरीच्या माहेरची.